जुन्या मोटरसायकलवरचा इंडिकेटरचा बझर सुटा कसा करावा, वायरिंगला धक्का न लावता

इंडिकेटर लावला की टीं-टीं करत आजूबाजूच्या माणसांना माना वळवायला लावणारा बझर पुण्यातल्या जुन्या दुचाक्यांवर अजूनही भेटतो. सत्तरच्या दशकातल्या काही जपानी मोटरसायकलींना तो कंपनीच बसवून देत असे. आपल्याकडच्या आरएक्स १००, येझदी, बुलेट किंवा सीडी १०० वर दिसणारा बझर मात्र बहुतेक वेळा नंतर कोणीतरी जोडलेला असतो. सिग्नलला दीड मिनिट उभं राहिलं की त्याचा त्रास कळतो, आणि पहाटे सोसायटीतून गाडी काढताना शेजाऱ्यांनाही कळतो.

बझरला एक काम असतं, ते आधी लक्षात घ्या. चारचाकीत स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो. जुन्या मोटरसायकलच्या स्विचला ती सोय नाही. वळण घेतल्यावर इंडिकेटर तसाच लुकलुकत राहिला, तर मागचा माणूस आपण वळणार असं समजून दुसऱ्या बाजूने पुढे येतो. म्हणून बझर काढायचा असेल तर मीटरमधला इंडिकेटरचा छोटा दिवा आणि हँडलवरचा स्विच त्याच दिवशी ठाकठीक करायचा. पुढचं सगळं मार्गदर्शन हे धरून आहे.

दुसरी गोष्ट, वायर कापू नका. बझर म्हणजे दोन वायरी, त्या तोडल्या की झालं, अशा समजुतीने पक्कड चालवली जाते. मग कधी एका बाजूचे इंडिकेटर जातात, कधी मीटरचा दिवा जातो, तर कधी उघडं राहिलेलं टोक चॅसीला लागून फ्यूज उडतो. जुन्या गाडीत अनेकदा सगळ्या गाडीला मिळून एकच फ्यूज असतो. बुलेट, येझदी, आरडी ३५० यांचं इग्निशन बॅटरीवर चालतं, त्यामुळे त्यांच्यावर फ्यूज उडाला की भर रस्त्यात इंजिनही बंद पडतं.

लागणारं सामान

१० आणि १२चा पाना, योग्य मापाचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, आणि होल्डरमध्ये बसवलेला ५ किंवा १० वॉटचा बल्ब ज्याला दोन लांब वायरी आहेत. हा टेस्ट लॅम्प मल्टिमीटरपेक्षा जास्त कामाचा आहे. इंडिकेटरचा करंट सतत तुटत-जुळत असतो, त्यामुळे डिजिटल मीटरवरचे आकडे नुसते नाचतात. बल्ब मात्र सरळ लागतो आणि विझतो. बल्ब गाडीच्या व्होल्टेजचाच घ्या. गाडी ६ व्होल्टची की १२ची हे माहीत नसेल तर बॅटरीची झाकणं मोजा: पाणी घालायची तीन बुचं असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर १२. सीलबंद बॅटरी असेल तर अंगावर छापलेलं वाचा.

याशिवाय सुमारे ४ मिमीच्या बुलेट पिना (गोळीच्या आकाराच्या, एकीत एक बसणाऱ्या नर-मादी पिना) आणि त्यांचे रबरी कव्हर, ०.७५ चौरस मिमीची थोडी वायर, ३ आणि ५ मिमीची उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा, बारीक पॉलिश पेपर. पिना, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी), होल्डर, स्विचचे भाग नाना पेठेत मिळतील. स्लीव्ह, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग), रेझिस्टर यांसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बरी. मूळ स्विच असेंब्ली हवी असेल तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक फेरी मारायला हरकत नाही, फक्त स्विच हातात घेऊन तिन्ही स्थितींत सरकवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्क्रू-ड्रायव्हरबद्दल एक सूचना. जपानी गाड्यांच्या मूळ स्क्रूची खाच आपल्याकडच्या नेहमीच्या स्टारपेक्षा वेगळी असते. टोक नीट बसत नसेल तर ते वर निसटतं आणि डोकं गोल होतं. जोर खाली दाबण्यावर द्या, फिरवण्यावर कमी. अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून दहा मिनिटं थांबा.

बझर शोधणं

किल्ली ऑन करा, इंजिन बंद ठेवा, इंडिकेटर लावा आणि ऐका. दोन आवाज वेगळे करायचे आहेत. मंद टक-टक हा फ्लॅशरचा. तो गरजेचा आहे आणि तो राहणारच. त्यावर चढून येणारा टीं-टीं किंवा चर्र-चर्र हा बझरचा.

नंतर जोडलेला बझर ठरावीक जागी सापडतो: हेडलाइटच्या डूममध्ये, डूमच्या मागच्या ब्रॅकेटवर, सीटखाली बॅटरीच्या बाजूला, किंवा टाकीखाली मुख्य वायरिंगला टेपने बांधलेला. कंपनीचा असेल तर तो बहुधा धातूच्या छोट्या डबीसारखा, रबरी पट्ट्यात लटकवलेला आणि कपलरने जोडलेला असतो. आवाज कुठून येतो ते कळत नसेल तर हातभर लांब पेट्रोलची नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक वायरिंगवरून फिरवा. संशयित डबीवर बोट ठेवलं की कंप सरळ जाणवतो.

बोट फ्लॅशरवर ठेवल्यावर टक-टक आणि टीं-टीं दोन्ही तिथूनच जाणवले, तर बझर वेगळा नाहीच, तो फ्लॅशरच्या आत आहे. असे फ्लॅशर बाजारात भरपूर विकले गेले. तसं असेल तर मधलं सगळं सोडून थेट फ्लॅशरच्या भागाकडे जा.

आवाज आणि दिवा एकत्र पाहा

हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथे पाच मिनिटं दिली तर पुढचा तासभर वाचतो. बझर सर्किटमध्ये नेमका कुठे जोडला आहे ते एकही वायर न सोडवता कळू शकतं. त्यासाठी मागच्या इंडिकेटरकडे पाहत आवाज कधी येतो ते ऐकायचं.

दिवा लागतो तेव्हाच बझर वाजतो: बझर स्विचच्या पुढे, म्हणजे इंडिकेटरच्या वायरीवर आहे आणि त्याचं दुसरं टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या चॅसीला, आहे. ही सगळ्यात सोपी जोडणी. तीन वायरींचा बझर असेल तर एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला, तिसरी अर्थला, आणि आत दोन डायोड.

दिवा विझतो तेव्हा बझर वाजतो: तो फ्लॅशरच्या दोन पिनांना समांतर जोडलेला आहे. फ्लॅशरचा कॉन्टॅक्ट बंद असताना दोन्ही पिनांवर सारखंच व्होल्टेज असतं, म्हणून बझर गप्प. कॉन्टॅक्ट उघडला की बझरमधून थोडासा करंट बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला जातो आणि तो वाजतो. बल्बला तेवढा करंट पुरत नाही, म्हणून बल्ब विझलेलाच दिसतो. हा बझर काढल्याने इंडिकेटरवर काहीच परिणाम होत नाही.

बझर फक्त एकाच बाजूला वाजतो: दोन वायरींचा बझर डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरींच्या मधे टाकलेला असण्याची शक्यता मोठी. डावा इंडिकेटर लागला की करंट डावीकडून बझरमधून उजव्या बाजूच्या बल्बांत जातो आणि तिथून अर्थला. १२ व्होल्ट १० वॉटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना साधारण १४ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाइतका. त्यामुळे न लागलेली बाजू बझरपुरती अर्थचंच काम करते. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरमधला एकच इंडिकेटरचा दिवा नेमका असाच जोडलेला असतो. दिवा कोणत्याही दिशेने लागतो. इलेक्ट्रॉनिक बझर मात्र एकाच दिशेने वाजतो, म्हणून एक बाजू मुकी राहते.

इंडिकेटर बंद असतानाही किल्ली ऑन केली की बझर सतत वाजतो: बझर फ्लॅशर आणि स्विचच्या मधल्या वायरीवरून अर्थला जोडला आहे. ही चुकीची जोडणी आहे. तिथे स्विच बंद असतानाही व्होल्टेज पोचतं, आणि बझरचा करंट इतका कमी असतो की फ्लॅशर त्याने चालतच नाही. हा बझर काढल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तो बॅटरीही थोडी थोडी खात असतो.

डावा इंडिकेटर लावला की उजवाही मिणमिणतो: तीन वायरींच्या बझरमधले डायोड जळून शॉर्ट झाले असण्याची शक्यता तपासा. बझर सुटा केल्यावर हे थांबलं तर दोष तिथेच होता.

वायरींचे रंग, आणि त्यांतला सापळा

जपानी कंपन्यांच्या मूळ आकृत्यांत रंग ठरलेले आहेत, आणि त्यांच्या भागीदारीत आपल्याकडे बनलेल्या गाड्यांवर सहसा तेच सापडतात. यामाहात चॉकलेटी म्हणजे डावा इंडिकेटर, गडद हिरवी उजवा, तपकिरीवर पांढरी रेघ असलेली फ्लॅशरकडून स्विचकडे, नुसती तपकिरी किल्लीनंतरचा पुरवठा आणि काळी अर्थ. होंडात नारिंगी डावा, फिकट निळी उजवा, राखाडी फ्लॅशरकडून स्विचकडे, काळी किल्लीनंतरचा पुरवठा आणि हिरवी अर्थ. सुझुकीत काळी डावा, फिकट हिरवी उजवा, फिकट निळी फ्लॅशरकडून, नारिंगी पुरवठा, काळ्यावर पांढरी रेघ अर्थ. कावासाकीत हिरवी डावा, राखाडी उजवा, नारिंगी फ्लॅशरकडून, तपकिरी पुरवठा, काळ्यावर पिवळी रेघ अर्थ.

काळ्या वायरीकडे पुन्हा पाहा. यामाहात ती अर्थ, होंडात जिवंत, सुझुकीत डावा इंडिकेटर. एका गाडीवर शिकलेलं दुसऱ्या गाडीवर वापरलं की शॉर्ट ठरलेलाच. शिवाय तीस-चाळीस वर्षांत वायरिंग दोनदा-तीनदा बदललेलं असतं आणि बदलणाऱ्याने हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरलेली असते. म्हणून रंग फक्त अंदाजासाठी, खात्री टेस्ट लॅम्पने. लॅम्पचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं संशयित वायरीला. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असतं. तिथेही लॅम्प असाच चालतो, पण इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि डायोडची दिशा उलटी धरावी लागते.

सुटा करणं

आधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा: बझरच्या वायरी कुठे जातात, कोणत्या पिनेत काय आहे, अर्थ कोणत्या स्क्रूखाली आहे. प्रत्येक वायरीला कागदी टेपचा तुकडा लावून १, २, ३ लिहा.

किल्ली बंद करा आणि बॅटरीचं चॅसीकडे जाणारं टोक सोडवा. बहुतेक गाड्यांत ते निगेटिव्ह असतं. हेच टोक आधी काढायचं कारण असं की पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी पडत नाही. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलं आणि पाना फ्रेमला टेकला, तर पूर्ण बॅटरी शॉर्ट होते.

आता बझरची एकच वायर, अर्थ नसलेली, पिनेतून ओढा. वायर धरून ओढू नका, पिन धरा. जुन्या पिना चिकटलेल्या असतात आणि वायर आतून तुटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, थोडं फिरवत ओढा. सुटलेलं टोक तात्पुरतं टेपने झाका, बॅटरी जोडा, किल्ली ऑन करा आणि तपासा: डावे दोन, उजवे दोन, मीटरचा दिवा, हॉर्न, ब्रेकलाइट, हेडलाइट.

सगळं चालू आणि बझर गप्प, तर जोडणी समांतर होती आणि काम जवळजवळ झालं. इंडिकेटरच बंद पडले तर बझर सिरीजमध्ये टाकलेला होता, म्हणजे इंडिकेटरचा करंट त्यातून जात होता. हे क्वचित दिसतं, पण दिसतं. अशा वेळी बझरला येणारी आणि बझरकडून जाणारी अशा दोन वायरी एकमेकींना जोडा. त्याआधी दुसरी वायर खरोखर इंडिकेटरकडेच जाते आणि अर्थला नाही, हे लॅम्पने पाहा, नाहीतर फ्यूज उडेल. फक्त मीटरचा दिवा गेला तर बझरच्या पिनेतूनच पुढे दिव्याला फाटा दिलेला होता. तिथे दुहेरी पिन बसवून फाटा परत जोडा.

तीन वायरींच्या बझरच्या दोन्ही इंडिकेटरकडच्या वायरी काढा. एकच काढली तर बझर एका बाजूला वाजत राहील.

कंपनीच्या बझरला कपलर असेल तर तो उघडा, दोन्ही तोंडांवर स्लीव्ह किंवा रबरी टोपी चढवा आणि वायरिंगला बांधून ठेवा. बाकी कशालाही हात लावू नका. ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाक्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचे नियम २०२१ सालापासून लागू आहेत. त्या वयाच्या जवळ आलेल्या गाडीचा मूळ कपलर कापणं म्हणजे परत न मिळणारी वस्तू घालवणं.

जुना पिळलेला जोड

नंतर बसवलेल्या बझरची वायर पुष्कळदा पिनेत नसतेच. मूळ वायरीचं इन्सुलेशन मधेच ब्लेडने खरवडून त्यावर बझरची वायर पिळलेली आणि वरून काळी टेप गुंडाळलेली असते. पुण्याच्या उन्हाळ्यात डूममध्ये त्या टेपचा गोंद वितळतो. टेप उलगडायला गेलं की ती सरकते, बोटांना काळा चिकट थर लागतो आणि आत तांबं हिरवं पडलेलं दिसतं. ते हिरवं पावसाळ्यात आत शिरलेल्या पाण्याचं.

बझरची वायर उलट पिळून काढा, ओढून नाही. मग मूळ वायरीचं तांबं पाहा. पॉलिश पेपरने हलकं घासून ते लाल चमकलं आणि एखाद-दुसरी तारच तुटलेली असेल, तर वायर ठीक आहे. तारा काळ्या पडल्या असतील, बोटाने वाकवल्यावर तुटत असतील, किंवा चतुर्थांशापेक्षा जास्त तुटल्या असतील, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडणं हाच योग्य उपाय. कापायची परवानगी फक्त इथे आहे.

नवा तुकडा जोडताना आधी एका बाजूच्या वायरीवर स्लीव्ह ओवून ती दूर सरकवा. हे विसरलं की जोड झाल्यावर स्लीव्ह घालायला वाट उरत नाही. वायरींची टोकं ८ ते १० मिमी सोला, एकमेकींत समोरासमोर घुसवून पिळा आणि सोल्डर करा, किंवा जोडनळी चांगल्या दाबयंत्राने दाबा. हँडलजवळ वायर सतत हलते, तिथे दाबलेला जोड चांगला, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन तुटते. मग स्लीव्ह जोडावर आणून तापवा. लायटरची ज्योत लावू नका, पेट्रोलच्या टाकीखाली तर मुळीच नाही. सोल्डरिंग आयर्नची बाजू जवळून फिरवली तरी स्लीव्ह आकसते. टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवून बाजूला ठेवा आणि कॉक बंद असल्याची खात्री करा.

वायर न कापता फक्त उघडा भाग झाकायचा असेल तर तिथे स्लीव्ह घालता येत नाही. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, प्रत्येक वेढा मागच्याच्या अर्ध्यावर. वायर चावून जोड करणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा दिसल्या तर त्या काढून टाका. त्यांची पाती काही तारा कापतेच आणि चिरेतून पाणी आत जातं.

बझरकडची जी वायर आता रिकामी राहिली तिचं मूळ वायरिंगकडचं टोक इंडिकेटर लागला की जिवंत होतं. त्यावर मादी पिन बसवा, म्हणजे धातू आत राहतो, आणि रबरी कव्हर चढवा.

अर्थचा स्क्रू

बझरची अर्थ वायर टोकाच्या गोल कडीने, म्हणजे थिंबलने, एखाद्या स्क्रूखाली असते. त्याच स्क्रूखाली फ्लॅशरची, रेक्टिफायरची किंवा हेडलाइटची अर्थही असू शकते. बझरचं थिंबल काढून स्क्रू सैल राहिला की बझरशी काहीच संबंध नसलेल्या गोष्टी बिघडतात: हेडलाइट मंद होतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालतच नाही. बझर काढल्यावर असं काही दिसलं तर सगळ्यात आधी हा स्क्रू पाहा. थिंबल आणि फ्रेम दोन्ही उघड्या धातूपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. घाई असेल तर बझरची अर्थ वायर तशीच राहू दे. तिने काही बिघडत नाही.

बझर फ्लॅशरच्या आत असेल तर

फ्लॅशर बदलायचा, उघडायचा नाही. आतली पायझो चकती उपटून काढता येते खरी, पण आवरण पुन्हा नीट बंद होत नाही आणि पहिल्या पावसात पाणी शिरतं.

नवा फ्लॅशर घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्टेज: ६ की १२. पिना: दोन की तीन. आणि वॉट: त्यावर लिहिलेलं १० वॉट गुणिले २ किंवा २१ वॉट गुणिले २ हे गाडीतल्या बल्बांशी जुळायला हवं. जुना बिमेटलचा फ्लॅशर बल्बांच्या करंटने तापून चालतो. १२ व्होल्टवर १० वॉटचे दोन बल्ब साधारण १.७ अँपियर घेतात, २१ वॉटचे दोन ३.५. ६ व्होल्टवर १० वॉटचे दोन ३.३ अँपियर घेतात. २१ वॉटचा फ्लॅशर १० वॉटच्या बल्बांवर लावला तर तो पुरेसा तापत नाही, दिवा रेंगाळत लुकलुकतो किंवा लागलेलाच राहतो. एक बल्ब गेल्यावरही हेच होतं. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा, आकडा १५ ते ३० च्या मधे यायला हवा.

एलईडी बल्ब टाकले असतील तर बिमेटलचा फ्लॅशर चालणारच नाही, इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो. त्यात ‘बी’ लिहिलेली पिन किल्लीनंतरच्या पुरवठ्याला, ‘एल’ स्विचकडे, ‘ई’ अर्थला. ‘बी’ आणि ‘एल’ उलटे झाले तर तो लुकलुकत नाही, आणि हलक्या प्रतीचा फ्लॅशर जळूही शकतो. फ्लॅशर नेहमी रबरी होल्डरमध्ये लटकवा. सिंगल सिलिंडर गाडीची थरथर त्याला लवकर मारते.

एलईडी टाकल्यावर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले तर घाबरू नका. दोन बाजूंच्या मधे जोडलेल्या मीटरच्या दिव्यातून जाणारा करंट दुसऱ्या बाजूचे एलईडी पेटवायला पुरतो. उपाय असा: दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवा. डाव्या आणि उजव्या वायरीला प्रत्येकी एक १एन४००७ डायोड लावा, रुपेरी पट्टीची टोकं एकत्र करून दिव्याच्या एका बाजूला जोडा, दिव्याची दुसरी बाजू अर्थला. डायोडवर स्लीव्ह चढवायला विसरू नका.

आवाज फक्त कमी करायचा असेल तर

इंडिकेटर बंद करायला वारंवार विसरणाऱ्यांनी बझर पूर्ण काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आवाज निम्म्याने कमी करणं सोपं आहे. बझर डूममध्ये असेल तर तो बाहेर आणा. डूमचा पत्रा तबल्यासारखा आवाज घुमवतो. सीटखाली रबराच्या तुकड्यावर बांधला की फरक लगेच कळतो. भोकावर कापडी टेपचा एक थर लावा, पुरला नाही तर दुसरा. इलेक्ट्रॉनिक बझरच्या वायरीत सिरीजमध्ये ४७० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर टाकला की आवाज आणखी खाली येतो. जुन्या धातूच्या डबीतल्या कॉइलच्या बझरला हा उपाय चालत नाही. तो जास्त करंट घेतो आणि रेझिस्टर लावला की वाजतच नाही.

आणखी एक पर्याय म्हणजे बझरच्या वायरीत साइड कव्हरच्या आत एक छोटा टॉगल स्विच. गावात बंद, हायवेवर चालू. गाणी वाजवणारा, सूर बदलणारा बझर मात्र कमी करत बसू नका, काढूनच टाका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ बहुसुरी हॉर्न आणि कर्कश, दचकवणारी आवाजाची साधनं बसवायला मनाई करतो.

मीटरचा दिवा आणि स्विच

बझर गेला की वळल्यावर आठवण करून द्यायला एवढा एकच दिवा उरतो. मीटर उघडून बल्ब काढा. काच काळवंडली असेल तर चालू असला तरी बदला, त्याच व्होल्टचा आणि साधारण ३ वॉटचा. होल्डरचे गंजलेले पत्रे घासा. दिव्याची रंगीत काच पुष्कळदा उन्हाने फिकट किंवा धुरकट झालेली असते, आतून साबणाच्या पाण्याने पुसा. दुपारी बाराच्या उन्हात सीटवर बसून पाहा. तेव्हा दिवा दिसला तर नेहमी दिसेल. नाही दिसला तर डायोडची जोडणी करून तिथे पिवळा एलईडी बल्ब टाका.

स्विच डावीकडे-उजवीकडे सरकवताना मधली जागा अंगठ्याला ठाम कळली पाहिजे. कळत नसेल तर आत धूळ आणि सुकलेलं ग्रीस आहे. स्विच उघडताना खाली पांढरं फडकं पसरा, कारण आत स्प्रिंगवर बसलेली एक छोटी पोलादी गोळी असते आणि ती उडते. ती हरवली की स्विच मधे थांबतच नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, तांब्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरने एकदाच हलक्या घासा, गोळीच्या खाचेत पांढऱ्या ग्रीसचा थेंब लावा.

शेवटी इंजिन चालू करून पुन्हा एक तपासणी, आधी आयडलवर, मग थोडी रेस देऊन. आयडलला इंडिकेटर फारच मंद आणि रेस दिल्यावर ठीक होत असेल, तर दोष बझरच्या कामाचा नाही, बॅटरीचा आहे. इंजिन बंद करून तासाभराने मल्टिमीटर लावा: १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ६ व्होल्टची चांगली बॅटरी ६.३. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे फिरवून पाहा. टोकाला गेल्यावर इंडिकेटर बंद पडत असेल तर नवीन जोडाची वायर आखूड झाली आहे किंवा डूमच्या कडेला दाबली जाते आहे.

काढलेला बझर, त्याचा ब्रॅकेट आणि स्क्रू एका पिशवीत घालून कोणती वायर कुठे होती हे कागदावर लिहून आत ठेवा आणि पिशवी हत्यारांच्या डब्यात टाका. वॉशिंग सेंटरवर गाडी पहिल्यांदा धुऊन आली की साइड कव्हर उघडून रिकाम्या पिनेचं कव्हर पाहा. आत पाणी दिसलं तर पिन कोरडी करून कव्हर बदला आणि तोंड खाली येईल अशी ती बांधा.